सात नंबरला वीसपैकी किती?

रतन केणी कायम झाला. तीन वेळा मुदतवाढ मिळालेला हा हंगामी संशोधन सहायक एके दिवशी रीतसर, सही-शिक्क्यानिशी कायम झाला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता वाचकांनी ते विसरावं. तो कायम झालेला नाही. पुढच्या सगळ्या हकिकतीत तो हंगामीच आहे आणि त्याची मुदत एकतीस मार्चला संपते आहे. त्याला त्याच नजरेनं पाहावं, कारण तोही सगळा वेळ त्याच भीतीत वावरत होता.

ठाण्याला कोर्टनाक्याच्या मागच्या गल्लीत, एका मसाल्याच्या कांडपाच्या वरच्या मजल्यावर, खाडीकाठ आरोग्य अभ्यास केंद्राचं कार्यालय होतं. खाली मिरची कांडायला घेतली की वर सगळे शिंकायचे. त्यातही ज्येष्ठता पाळली जायची. आधी केंद्रप्रमुख डॉ. धामणकर शिंकत, मग टायपिस्ट हेमा, मग शिपाई दगडू. हंगामी माणसानं कधी शिंकायचं याचा नियम नव्हता. रतनला एकदा सरांच्या आधी शिंक आली, ती त्यानं दाबून धरली. तेव्हापासून त्याचा डावा कान अधूनमधून वाजायचा.

१९९९ सालच्या जानेवारीत सरांनी त्याला आत बोलावलं.

"केणी, दिल्लीच्या समितीचं पत्र आलंय. कडुनिंबाच्या धुरानं हिवताप कमी होतो का, यावर आजवर झालेले सगळे अभ्यास आपण गोळा केले. किती झाले?"

"बेचाळीस, सर."

"आता ते विचारतायत की यातले भरवशाचे कुठले आणि टाकाऊ कुठले, हे तुम्ही कशानं तपासणार? साधन कुठलं? आणि तेच का निवडलं?"

"मी... वाचून ठरवणार होतो, सर."

"वाचून?" सरांनी चष्मा काढला. केंद्रात चष्मा काढणं ही शेवटची पायरी मानली जाई. "वाचून तर कुणीही ठरवेल, केणी. मग केंद्र कशाला हवं? सोमवारी साधन सांगा."

एवढं बोलून त्यांनी टेबलावरच्या एका फाइलीवर पेपरवेट ठेवला. ती फाइल रतनला कायम करण्याच्या प्रस्तावाची होती. सरांच्या मनात काही नसावं, पंखा जोरात होता इतकंच. पण रतनला तो पेपरवेट स्वतःच्या छातीवर ठेवल्यासारखा वाटला आणि तो दिवसभर तिथून हलला नाही.

अडचण खरीच होती. गोळ्यांची चाचणी असली की काम सोपं असतं. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला खडूची, आणि कुणाला कुठली हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. म्हणजे निवडण्यात लबाडीला जागा राहत नाही. धुराला मात्र चिठ्ठी वाचता येत नाही. रमाबाईंच्या दारात पेटवला की तो शेजारच्या चंद्रभागाबाईंच्या घरात शिरतो, आणि त्यावरून दोघींचं जे होतं ते कुठल्याच तक्त्यात मावत नाही. म्हणून या बेचाळीस अभ्यासांत चिठ्ठ्या कुणीच टाकल्या नव्हत्या. ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं घरं निवडली होती. ती सोय किती निरागस आणि किती लबाड, हे मोजायचं साधन रतनला शोधायचं होतं. आणि असं साधन एकच असतं तर काय हवं होतं. मुंबईच्या दोन वैद्यकीय ग्रंथालयांतून त्यानं झेरॉक्स आणल्या तेव्हा ती अकरा निघाली. कुठं गुण होते, कुठं तारे होते, कुठं नुसतं 'बरा', 'बेताचा' आणि 'नको'.

शुक्रवारी त्यानं पहिलं साधन घेतलं. ते मुळात औषधांच्या चाचण्यांसाठी बनवलेलं होतं. पहिला प्रश्न: चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते का? नसल्यास पुढे जाऊ नये. रतन बेचाळीस वेळा पुढे गेला नाही. सगळा आढावा साडेअकराला आटोपला.

"झालं?" हेमानं टाइपरायटरवरून मान वर केली. ती या केंद्रात नऊ वर्षं कायम होती, त्यामुळं तिला आरामात हसता यायचं. "सगळे नापास? मग दिल्लीला लिही, धूर नापास."

दुसरं साधन मवाळ होतं. अभ्यासाचा उद्देश स्पष्ट लिहिला आहे का? तक्ते सुवाच्य आहेत का? आकड्यांची बेरीज जुळते का? यात सगळे पास झाले. काय लिहिलंय ते नीट लिहिलंय की नाही, एवढंच त्याला कळे. ते खरं धरावं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

"हे म्हणजे अक्षर बघून जावई पसंत करण्यासारखं झालं," हेमा म्हणाली.

तिसरं साधन मात्र नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवणारं निघालं. गट कुणी निवडले आणि कसे? सुरुवातीला दोन्ही गट सारखे होते का? धुराखेरीज त्यांच्यात आणखी काही वेगळं होतं का? ताप मोजणाऱ्याला कुणाकडे धूर आहे हे आधीच ठाऊक होतं का? मध्येच गाव सोडून गेलेल्यांचं काय केलं? असे वीस प्रश्न, वीस गुण. रतननं उरलेला सगळा दिवस बसून बेचाळीस अभ्यास तपासले. कुणाला सोळा मिळाले, कुणाला नऊ. साधन कसं असावं तर असं, असं त्याला वाटलं आणि जवळजवळ दहा मिनिटं तो सुखात होता.

मग तळाला कोण आहे ते त्यानं पाहिलं. सात नंबरचा अभ्यास, वीसपैकी तीन. त्यानं पहिलं पान उलटलं. लेखकाच्या जागी छापलं होतं: ना. वि. धामणकर, १९८१.

डावा कान वाजायला लागला.

"हेमाताई," तो टाइपरायटरशी वाकून पुटपुटला, "सरांना तीन मिळाले."

"कसले तीन?"

"वीसपैकी."

हेमानं यंत्रातला कागद काढून बाजूला ठेवला. "रतन, तुझी फाइल कुणाच्या टेबलावर आहे?"

"सरांच्या."

"आणि त्यांना तीन कुणी दिले?"

"मी नाही दिले. साधनानं दिले."

"एकतीस मार्चला साधनाला घरी पाठवणार नाहीत."

शनिवारी रतननं उरलेली आठ साधनं सरांवर लावून पाहिली. म्हणजे अभ्यास बाजूलाच राहिले, तो फक्त सर कुठं बसतात ते बघत होता. बहुतेक ठिकाणी ते तळालाच बसले. फक्त एका ताऱ्यांच्या साधनात ते तिसरे आले. रतनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पहिलं कोण आलं ते त्यानं पाहिलं. तो अभ्यास म्हशींवर केलेला होता. अभ्यास माणसांवर केलाय की नाही, हे विचारायचं ते साधन विसरलं होतं. दिल्लीला असं कळवायचं की भिवंडीच्या गोठ्यातल्या अठरा म्हशी पहिल्या आणि आमचे केंद्रप्रमुख तिसरे? रतननं ते साधन ड्रॉवरच्या तळाशी घातलं आणि वर डबा ठेवला.

शेवटी त्याला तिसऱ्या साधनाच्या सूचनांतच आशेची फट सापडली. तिथं लिहिलं होतं: तपासणी दोघांनी करावी, एकमेकांशी न बोलता करावी, आणि शक्यतो लेखकाचं नाव झाकून करावी. नावं झाकली की कुणाला किती मिळाले याचा दोष कुणावरच येत नाही. दुसरा तपासनीस बाहेरचा कुणीतरी आणायचा. त्यानंही तीन दिले तर रतन एकटा राहणार नव्हता.

रविवारी कोपरच्या घरात तो बेचाळीस अभ्यास पसरून बसला. आईनं, रंगूबाईनं, गव्हाच्या पिठाची खळ करून दिली आणि समोर बसून पट्ट्या कापू लागली.

"कायम झालास का रं?" तिनं विचारलं. हे ती रोज विचारायची, चहात साखर किती विचारावी तसं.

"नाय गं आई. होईन."

"ही नावं कशाला झाकतोस? यांनी काय चोऱ्या केल्यात?"

"चोरी केली की नाय ते बघायचंय. नाव दिसलं की बघता येत नाय."

रंगूबाईनं पट्टी उजेडात धरून पाहिली. "म्हणजे नाव मोठं आहे," ती म्हणाली आणि सात नंबरवर तिनं दोन पट्ट्या चिकटवल्या. रतननं गावाचं नाव झाकलं, संस्थेचं झाकलं, आभारही झाकले. फक्त खाडीचा एक हातानं काढलेला नकाशा उघडा राहिला, कारण त्यावर अक्षरं नव्हती.

सोमवारी सर खूश झाले. "तिसरं साधन. छान. कडक आहे. नावंही झाकलीत? वा! तुमचे गुण देऊन झाले का?"

"हो... म्हणजे कच्चे आहेत, सर. आज नीट बघून—"

"कच्चेच खरे असतात. द्या इकडे." सरांनी गुणांचा कागद घडी करून, न वाचता पाकिटात घातला, लाख मागवली, वर शिक्का मारला आणि पाकीट दगडूच्या हाती दिलं. "कपाटात ठेव. माझ्या सहीशिवाय हे उघडायचं नाही."

"सर, दुसरा तपासनीस म्हणून मी कल्याणचे एक—"

"कल्याण कशाला? दुसरा तपासनीस मी. परवापासून दोन दिवस रजा टाकतो, घरी निवांत बघतो."

बेचाळीस अभ्यासांचा गठ्ठा घेऊन सर डोंबिवलीला गेले.

सरांच्या रजेचे दोन दिवस रतन जगला, असं हजेरीपटावरून दिसतं. सर स्वतःचा अभ्यास ओळखणार, हे उघड होतं. ओळखला की त्याला वीस देणार, हेही उघड होतं. मग पाकीट फुटणार. आतून तीन बाहेर येणार. आणि साधनाची चौदावी सूचना रतनला आता तोंडपाठ झाली होती: दोघांच्या गुणांत फरक आढळल्यास दोघांनी समोरासमोर बसून चर्चा करावी.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो दगडूपाशी गेला. दगडू साठीला टेकलेला, खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातला माणूस होता. आवक-जावकची वही त्याच्या ताब्यात असे.

"दगडूमामा, ते पाकीट पाच मिनिटं द्या ना. एक आकडा चुकलाय."

"लाख लावलीय."

"परत लावू की."

"रतनभाऊ, आख्ख्या नोकरीत मी लाख तोडली नाय. कितीचा आकडा हाय?"

"तीनचा."

"मंग ऱ्हाऊ दे की. तीन चांगला."

शुक्रवारी सर आले. चेहरा लाल होता. खाली कांडप सुरू नव्हतं, तेव्हा तो रागानंच लाल होता, यात शंका नव्हती. त्यांनी रतनला, हेमाला आणि दगडूला आत घेतलं, सही करून पाकीट फोडायला लावलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. एक ते सहा क्रमांकांत फरक नव्हता.

"सात नंबर," सर म्हणाले.

रतननं खुर्चीची पाठ धरली.

"मी सात नंबरला किती दिले असतील, केणी? सांगा."

"वीस, सर."

"एक!" सरांनी टेबलावर हात आपटला. "तोही बेरीज बरोबर आहे म्हणून! केणी, वीस वर्षांत मी असा अभ्यास पाहिला नाही."

हे खरंच होतं. तो त्यांनी लिहिला होता, पण छापून आल्यावर पाहिला नव्हता. छापून आलेला आपला अभ्यास कुणी पुन्हा वाचत नाही. आधी वाचला असता तर छापायला दिला नसता.

रतनच्या डोक्यात काहीच शिरेना. सरांनी त्याचा कागद पाहिला आणि भुवया चढवल्या. "आणि तुम्ही तीन? माझ्या तिप्पट? कोण आहे हा? नात्यातला?"

"नाही सर."

"ओळखीचा?"

"ओळख... रोजची नाही म्हणता येणार... तशी नाही, सर."

"मग पटवून द्या मला. तीन का? सूचना चौदा. चर्चा करा."

आता रतनला धामणकरांची बाजू धामणकरांसमोर मांडायची होती. मांडली तर पक्षपाती ठरणार, नाही मांडली तर पट्टी निघाल्यावर मरणार. त्यानं घसा साफ केला.

"सर, लेखक कदाचित तरुण असेल."

"तरुणपणाला साधनात रकाना आहे?"

"कष्ट घेतले असतील त्यानं."

"कुठं? हे बघा. खाडीच्या अलीकडच्या वस्तीत धूर केला, पलीकडच्या वस्तीत नाही केला. असं का? तर म्हणे 'भौगोलिक सोय'! अहो, अलीकडे पक्की गटारं, पलीकडे डबकी. मग ताप धुरानं कमी झाला की गटारानं? दोन्ही गट मुळात सारखे होते का? नाही. शून्य! निवडले कसे? शून्य! हेमाबाई, तुम्ही हसू नका."

"नाही सर," हेमा म्हणाली आणि तोंडावर पदर धरून खिडकीबाहेर बघू लागली.

"सर, आधी पट्टी काढून बघितली तर..." रतन म्हणाला.

"अजिबात नाही! सह्या झाल्याशिवाय नाव बघायचं नाही. सूचना अकरा. तुम्हीच साधन निवडलंत."

इतका वेळ दाराशी उभा असलेला दगडू पुढं वाकला. "साहेब, हा नकाशा आमच्या खाडीचा हाय."

"कशावरून?"

"ही वाकडी जेटी बघा. आणि हे चिंचेचं झाड. अलीकडं शेतकऱ्यांची घरं, पलीकडं आमचा कोळीवाडा. मला हा मानूस आठवतोय. बारीक, ढीगभर केस. चपला हातात घेऊन आलेला."

रतननं सरांच्या तुळतुळीत डोक्याकडं आणि सुटलेल्या पोटाकडं पाहिलं आणि डोळे मिटले.

"अस्सं!" सर खुर्चीत पुढं सरकले. "सांग, सांग. साक्षीदारच मिळाला की."

"माझी होडी लागलेली. म्हनलं, बसा साहेब, पलीकडं सोडतो. त्यानं एक पाय होडीत टाकला. होडी हलली. त्यानं पाय काढला. दुसरा पाय टाकला. तोपन काढला. मंग काठावर बसला कपाळाला हात लावून, नि तिथनंच आमची घरं मोजली. मला म्हनला, दगडू, तूच जा नि विचारून ये ताप कुनाकुनाला हाय."

"मग? विचारलंस?"

"घरोघर कोन फिरतंय, साहेब? मासे उतरवायचे होते. मी आपलं येऊन सांगितलं, पंधरा-वीस असतील."

सरांनी अभ्यास चाळला. "सतरा लिहिलेत! सरासरी काढली गाढवानं!" आणि ते हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. केंद्राच्या इतिहासात सर एवढे हसले नव्हते, त्यामुळं हसण्याचा ज्येष्ठताक्रम ठाऊक नसलेले बाकीचे तिघं गप्प उभे राहिले.

"आनि बिनधुराचं गाव म्हनून आमाला घेतलं," दगडू रंगात आला होता. "आमच्याकडं तर रोज तिन्हीसांजेला नारळाच्या सोडनांचा धूर. घर दिसायचं नाय. काठावरनं त्याला ते धुकं वाटलं असेल."

"सर," रतनला आता रडू येत होतं, "मी माझे तीन मागं घेतो. किंवा वीस करतो. तुम्ही म्हणाल ते करतो. फक्त आधी नाव बघा."

"भिता कशाला एवढे?" सरांनी डोळे पुसले, टोपण काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात झरझर लिहिलं. लिहिताना मोठ्यानं वाचलंही. "'गुण एक. सदर अभ्यास आढाव्यातून वगळावा. लेखक अद्याप सेवेत असल्यास त्याची खातेनिहाय चौकशी करण्यात यावी.' करा सही."

रतननं सही केली. ती त्याच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही. तिच्यात एक वेलांटी जास्त पडली. दगडूनं जावक नंबर टाकला, पाकीट बंद केलं आणि टपालाची वेळ गाठायला निघून गेला. केंद्रात एखादी गोष्ट खोडता येत असे, फाडता येत असे, हरवताही येत असे. जावक नंबर पडल्यावर मात्र देवालाही अर्ज करावा लागला असता.

"आता बघू महाशय कोण आहेत," सर म्हणाले. त्यांनी पाण्याच्या ग्लासात बोट बुडवलं. पहिली पट्टी निघाली. खाली दुसरी होती. "दोन लावल्यात? भारी असामी दिसतेय."

दुसरीही निघाली, आणि तिच्याबरोबर संस्थेच्या नावावरचीही. सरांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पंखा फिरत होता आणि कुणीच शिंकत नव्हतं. हेमा आवाज न करता बाहेर गेली आणि जाताना तिनं दार लावून घेतलं.

"केणी."

"सर."

"धामणकरांत ना. वि. पुष्कळ असतात."

"हो सर."

"पण याच्याखाली केंद्राचा पत्ता आहे."

"हो सर."

बराच वेळ सर त्या नकाशावरून बोट फिरवत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला पोहता येत नाही. अजूनही येत नाही. तेव्हा मी हंगामी होतो, केणी. तेव्हाचे साहेब म्हणाले, सोमवारी अहवाल द्या. खाडीला उधाण होतं. आणि माझी फाइल त्यांच्या टेबलावर होती."

सर ओली पट्टी पुन्हा नावावर चिकटवू पाहत होते. ते बघून रतनला धीर आला असेल असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. डॉक्टरच घाबरलेला पाहून रोग्याला कधी बरं वाटत नाही.

"दगडूला थांबवा!" सर एकदम उठले.

दार उघडलं. दगडू रजिस्टरची पावती टेबलावर ठेवत होता. "आज गर्दी नव्हती, साहेब. लगेच घेतलं."

त्यानंतरचे बावीस दिवस केंद्रात दोन घाबरलेली माणसं होती आणि दोघं एकमेकांना घाबरत होती. सर रतनला 'अहो केणी' म्हणू लागले. रतनला त्या 'अहो'चीच जास्त भीती वाटे. कुणी बकऱ्याशी एकाएकी गोड बोलू लागलं की त्याला जे वाटत असेल, तसंच काहीसं ते वाटणं होतं. घरी आईनं 'कायम झालास का' असं विचारलं की तो ताटावरून उठायचा.

तेविसाव्या दिवशी दिल्लीचं उत्तर आलं. समितीला साधनाची निवड पसंत पडली होती. विशेषतः केंद्रप्रमुखांनी दाखवलेल्या परखडपणाची तिनं प्रशंसा केली होती. सात नंबरची चौकशी तीस दिवसांत पुरी करावी, चौकशी अधिकारी केंद्रातलाच, तांत्रिक विभागातला असावा, आणि तो कायम कर्मचारी असावा, असं पुढं लिहिलं होतं.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. तांत्रिक विभागात दोनच माणसं होती. एकाची चौकशी व्हायची होती. दुसरा हंगामी होता.

"दिल्लीहून कुणी आलं तर ते खाडीवर जातील, केणी," सर म्हणाले. "मला बरोबर नेतील. होडीत बसवतील."

"हो सर."

"तुम्ही न्याल का?"

"मलाही पोहता येत नाही, सर."

सरांनी पेपरवेट उचलला. खालची फाइल ओढली, उघडली आणि न वाचता सही केली. मग शिक्का उलटा मारला, तो पुन्हा सुलटा मारला. "अभिनंदन."

"धन्यवाद, सर," रतन म्हणाला. कायम माणसाला करावीच लागणारी कामं असतात, आणि त्यातलं पहिलं आत्ताच अंगावर आलं होतं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि एका दमात म्हणून टाकलं, "सर आपला लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा नाहीतर आपल्याला काही म्हणायचं नाही असं समजण्यात येईल माफ करा सर."

"करतो, साहेब," सर म्हणाले आणि आपण काय म्हणालो ते कळून दोघंही दचकले.

खुलासा सहाव्या दिवशी आला. हेमानं तो तीन प्रतींत टाइप केला होता आणि टाइप करताना दोनदा बाहेर जाऊन हसून आली होती. दगडूनं त्यावर आवक नंबर टाकला, पाकिटाला लाख आहे याची खात्री केली आणि ते चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलं. रतननं दार लावलं, पाण्याचा घोट गिळला आणि वाचायला घेतलं:

"प्रति, मा. चौकशी अधिकारी. विषय: सन १९८१ च्या अभ्यासातील गटनिवडीबाबत खुलासा. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकर्ता सदर दिवशी खाडीवर वेळेत हजर होता. होडीही हजर होती. तथापि खाडीत पाणी होते, याची कोणतीही पूर्वसूचना कार्यालयाकडून देण्यात आलेली नव्हती. सबब सदर खाडीस त्या दिवशी सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच या कार्यालयीन वेळेत संपूर्ण ओहोटी होती व पाणी घोट्यापर्यंत होते, असे पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावे, भरती-ओहोटीच्या तक्त्यात तशी दुरुस्ती करण्यात यावी, व दुरुस्तीची एक प्रत माहितीस्तव खाडीस पाठविण्यात यावी, ही नम्र विनंती."